एका घशाला दोन डॉक्टर

पुतण्याच्या मुलीच्या टॉन्सिल काढायच्या आहेत. पुण्याच्या डॉक्टरांनी त्याला विचारलं, लेसरनं काढायच्या की नेहमीच्या पद्धतीनं? त्यानं लगेच मला फोन लावला, कारण आमच्या भावकीत या विषयातला जाणकार मीच. डावी टॉन्सिल कापून आणि उजवी विजेनं जाळून काढलेला माणूस आख्ख्या श्रीरामपूर तालुक्यात दुसरा नाही, असं सगळे धरून चालतात. फोनवर मी त्याला म्हणालो, थांब, सावकाश लिहून पाठवतो. ते हे लिहिणं. कौसल्या, म्हणजे माझी बायको, होती तोवर यातला शेवटचा भाग आमच्या दोघांतच राहिला होता. आता ती नाही, आणि मुलीच्या घशाचा प्रश्न आहे, म्हणून सगळंच लिहितो.

गळा

दुष्काळाचं वर्ष होतं ते, बहात्तर सालचं. मी तिशीत होतो आणि बेलापूरच्या बाजारात एका आडत दुकानी लिलाव पुकारायचो. गुळाच्या ढेपांची नाहीतर कांद्याच्या गोण्यांची थप्पी लागली की तिच्यावर चढायचं, भाव ओरडायचा, समोरच्या गर्दीतून कोण भुवई उडवतो ते टिपायचं आणि आकडा चढवत न्यायचा. माझा आवाज प्रवरेच्या पल्याड जातो, असं आमचे शेठ पाहुण्यांना कौतुकानं सांगायचे. शिक्षण सातवीपर्यंत, शेत भावाकडे. पोट भरायचं ते गळ्यावर.

माझे वडील बैलबाजारात दलाल होते. त्यांच्या वेळी भाव ओरडून होत नसे. घेणाऱ्याचा आणि देणाऱ्याचा हात एका रुमालाखाली जायचा आणि बोटं दाबून आकडा ठरायचा. याला हत्ता म्हणायचे. बघणाऱ्याला नुसता हलणारा रुमाल दिसायचा. पुढे आमच्या आवारात हत्ता बंद झाला, उघडा लिलाव आला, आणि वडिलांच्या बोटांचं काम माझ्या गळ्याकडे आलं.

पण मी वाढलो रुमालाजवळ. त्यामुळे तोंडानं बोलतात ते सगळं वरवरचं आणि खरा व्यवहार कापडाखाली, अशी माझी पक्की समजूत. कापडाखाली मात्र कुणी खोटं बोलायचं नाही. दिलेलं बोट मागे घेणाऱ्याशी पुन्हा कुणी हात मिळवत नसे. वडिलांनी मला दुसरं फारसं काही शिकवलं नाही, हे शिकवलं.

चमच्याचा दांडा

आदल्या वर्षी माझ्या घशात उजव्या अंगाला गळू झालं. गावच्या डॉक्टरांनी ते फोडलं, बरं वाटलं, पण त्यानंतर घशाची आणि माझी काही केल्या गट्टी जमेना. दर दीड-दोन महिन्यांनी ताप, गिळताना काटे, आणि आवाज बसलेला. हळद-मिठाच्या गुळण्या झाल्या, ज्येष्ठमध चघळून दात पिवळे झाले. शेवटी एके दिवशी गावच्याच डॉक्टरांनी चमच्याच्या दांड्यानं जीभ दाबली, बॅटरी मारली आणि हात धुवायला गेले. हात धुता धुताच म्हणाले, “रंगनाथ, यांच्यात आता काही राम राहिला नाही. काढाव्या लागतील.”

“आन् न्हाई काढल्या तर?”

“दर खेपेला ताप सांध्यांत जाईल, तिथून काळजात. आणि आवाज आज बसतोय, एक दिवस उठायचा नाही.”

“कुनाकडं जावं मग?”

त्यांनी नगरच्या एका दवाखान्याचं नाव सांगितलं. सांगितलं ते इतक्या झटकन, की माझ्या मनात आलं, हे आधीच ठरलेलं आहे. घरी येऊन मी कौसल्याला तसं म्हणालो. ती चुलीपुढे होती. मान वर न करता म्हणाली, “तुमाला डाक्टरबी दलालच दिसत्यात.”

“दिसत्यात न्हाई. हायेत.”

शेठकडे सुट्टी मागायला गेलो. ते म्हणाले, “जा, निवांत ये. तवर बबन बघंल पुकारायचं.” बबन आमच्याकडचा तोलणारा, पोरगेला आणि गोड बोलणारा. यातला ‘निवांत’ मला टोचला. कामाच्या माणसाला कुणी निवांत ये म्हणत नाही. शिवाय वडिलांच्या एका जुन्या स्नेह्यानं सांगून ठेवलं होतं की टॉन्सिल म्हणजे आवाजाची खुंटी, ती काढली की आवाज लोंबतो. बेलापूर ते नगर एसटीत मी हेच घोळवत बसलो. राहुरीच्या पुढे रस्त्याकडेला दुष्काळी कामावर बाया-माणसं खडी फोडत होती. कौसल्या त्यांच्याकडे बघत राहिली आणि मी खिडकीच्या गजाला धरून हळू आवाजात “येक बार, दोन बार” म्हणून आवाज तपासत राहिलो.

वानगी

दवाखाना बापलेकांचा. मोठे डॉक्टर साठीच्या पुढचे, जाड चष्मा, हात मऊ आणि थंड. धाकटे डॉक्टर नुकतेच मुंबईहून शिकून आलेले, आणि येताना त्यांनी विजेचं यंत्र आणलेलं. दोघांनी माझा घसा पाहिला. मग दोघांनी मला दोन पद्धती सांगितल्या.

मोठे म्हणाले, जुनी पद्धत म्हणजे गाठ भोवतीनं सोडवायची, तारेचा फास टाकायचा आणि बुडातून काढायची. रक्त जातं, पण कुठून जातंय ते डोळ्यांना दिसतं, तिथे टाका घालता येतो. पहिले चार-सहा दिवस दुखणं जबर, मग उतरणीला लागतं. धाकटे म्हणाले, विजेच्या टोकानं गाठ जाळत न्यायची. रक्त जवळजवळ नाही, त्या दिवशी दुखणंही कमी. मात्र आत खपली धरते, ती आठवड्याभरानं सुटते, तेव्हा जपावं लागतं.

दोघंही सरळ बोलले. मला खटकलं ते वेगळंच. दोघं एकमेकांचं बोलणं खोडत नव्हते. बाजारात दोन व्यापारी एकमेकांच्या मालाला नावं ठेवीनात, की समजावं आतून भागीदारी आहे. त्यात बोलणं झाल्यावर दोघं बेसिनपाशी गेले आणि एकाच टॉवेलाला हात पुसू लागले. चारही हात टॉवेलाखाली, तोंडं बंद, आणि टॉवेल हलतोय. माझ्यादेखत माझा भाव होत होता.

मी उठून उभा राहिलो. म्हणालो, “माझं येक म्हननं हाय. येक बाजू तुमी करा, येक यांनी. मंग कळंल.”

कौसल्यानं मागून माझी बाही ओढली. मोठ्या डॉक्टरांनी चष्मा काढला.

“अहो, हा घसा आहे. गुळाची ढेप नव्हे.”

“म्हनूनच म्हनतो. ढेप खराब निघाली तर दुसरी घेता येती.”

आमच्यात माल घेण्याआधी दोन्हीकडची वानगी घेतात, म्हणजे थोडा नमुना काढून बघतात. एकाच्या शब्दावर सगळी थप्पी कुणी उचलत नाही. मी त्याच हिशोबानं बोललो होतो. धाकट्या डॉक्टरांचा चेहरा उजळला. ते म्हणाले, “बाबा, हरकत काय आहे? दोन्ही जागेपणीच करायच्या. एकाच माणसात दोन्ही बघायला मिळतील.” मोठ्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मुलाकडे. “ठीक आहे,” ते म्हणाले. “डावी माझी, उजवी याची.”

“ठरल्याबाहेर कुनी हात लावला, तर मी तसाच उठून जाईन,” मी बजावलं. मोठे डॉक्टर हसले नाहीत. कौसल्याला व्हरांड्यात बोलावून काहीतरी सांगत राहिले. मी काचेतून पाहत होतो. ती नुसती मान हलवत होती. बाहेर आल्यावर विचारलं, काय म्हणाले? ती म्हणाली, “खानं-पिनं सांगत हुते.” एवढा वेळ? एवढं काय खायचं होतं मला?

खुर्ची

ऑपरेशन पलंगावर होईल अशी माझी कल्पना. प्रत्यक्षात न्हाव्यासारखी एक खुर्ची होती. दंडात सुई दिली, तिनं डोकं जड झालं. मग डोळ्यांवर टॉवेल बांधला, गळ्यापासून गुडघ्यापर्यंत चादर घातली, आणि घशात कडू सुया टोचल्या. थोड्या वेळानं जीभ दुसऱ्याची वाटू लागली. चादरीखाली सिस्टरनं माझा हात धरला. म्हणाल्या, “दुखलं तर बोट दाबा, बोलू नका.” भीतीत मी त्यांचं एक बोट धरलं आणि मनात आलं, चला, इथेही हत्ताच.

डावी बाजू झाली तेव्हा दुखलं असं म्हणता येणार नाही, पण ओढ कळत होती. ओली गोणी टरकावी तसा एक आवाज कानाच्या आतून आला. रक्त गिळू नका, थुंका, असं मोठे डॉक्टर शांतपणे सांगत होते. ते शांतपण मला तेव्हाही बनावट वाटलं. मग फास आवळल्याची कळ आली आणि काहीतरी तबकात पडलं.

नंतर बराच वेळ काहीच होईना. दार वाजलं, पावलं गेली-आली, कुजबुज झाली. गुंगीत मला वाटलं, गिऱ्हाईक खुर्चीत बांधलेलं असताना हे बाहेर काय ठरवतायत? मग जवळच यंत्र सुरू झालं. एकसारखा घर्र आवाज, आणि काहीतरी जळाल्याचा वास. मी ओळखलं, ही वीज. परत सुया टोचल्या, परत ओढ कळली, पण पहिल्यापेक्षा हलकी. त्या गुंगीतही मी मनात नोंद केली, की उजवी बाजू सोपी गेली.

हे वाचणाऱ्या ज्या कुणाला ऑपरेशनाची भीती असेल, त्याला सांगतो, खुर्चीतला वेळ हा यातला सगळ्यात सोपा वेळ. तिथे आपण काही करायचं नसतं.

पाटी

बोलायची सक्त मनाई. पुकारणाऱ्या माणसाला पाटी-पेन्सिल दिली होती. माझं अक्षर मुळात वाकडं, त्यात पडून लिहायचं.

पहिली रात्र गेली, सकाळी पाणी गिळताना डोळ्यांपुढे काजवे चमकले. त्याहून घाबरलो ते कान दुखू लागला तेव्हा. घसा कापला तर कान का दुखावा? पाटीवर लिहिलं, ‘कान फोडला.’ धाकटे डॉक्टर म्हणाले, घशाची आणि कानाची नस एकच, आठ-दहा दिवसांत जाईल. गेलाही. आरशात तोंड उघडून बघितलं तर दोन्हीकडे पांढरा थर. ‘पू,’ मी लिहिलं. तेही पू नव्हतं. जखम भरताना तसाच थर येतो. पुतण्या, मुलीला आरसा देऊ नकोस.

त्या दिवसांत बर्फ हा एकच देव होता. कौसल्या बर्फाच्या कारखान्यातून भुशात गुंडाळलेला तुकडा गोणपाटातून आणायची, कपड्यात घालून वरवंट्यानं फोडायची आणि एकेक खडा माझ्या जिभेवर ठेवायची. बेलापुरात आम्हाला कुठला बर्फ मिळायला. एकदा मी डोळे मिटलेत असं पाहून तिनं एक खडा स्वतःच्या तोंडात टाकला आणि थंडीनं कळवळून भिंतीकडे तोंड केलं. मी पाहिलं हे तिला कळू दिलं नाही.

दुखणं किती, ते सांगायला पाटी अपुरी पडायची. म्हणून मी हत्ता काढला. लग्नानंतर गंमत म्हणून तिला शिकवला होता. शालीखाली तिचा हात धरायचा, आधी डाव्या बाजूचं दुखणं पाच बोटांत किती ते दाबायचं, मग उजव्या बाजूचं. डावीकडे चार, उजवीकडे दोन. ती डॉक्टरांना सांगायची. आजूबाजूच्या खाटांवरचे लोक माझ्या तोंडात डोकवायला यायचे आणि मी पाटीवर निकाल द्यायचो: ‘विजेची बरी.’

पण एक गोष्ट मला चैन पडू देईना. उजवीकडे दोनच, हे ऐकून धाकट्या डॉक्टरांना आनंद व्हायला हवा होता. ते खिडकीबाहेर बघू लागले. मोठे डॉक्टर खोकले. आणि कौसल्यानं माझा हात घाईनं शालीत सारला.

हे तिघं मिळालेले आहेत, हे मी त्या क्षणी ओळखलं. काय लपवतायत, तेही मला वाटलं मी ओळखलं. आवाज गेलेला होता. मला बोलू देत नव्हते ते जखमेसाठी नव्हे, मला ते कळू नये म्हणून. त्यानंतर ती व्हरांड्यात डॉक्टरांशी बोलताना दिसली की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एकदा मी पाटी भरून लिहिलं, ‘तुम्ही सगळे एक. मीच परका.’ तिच्यापुढे धरली. तिनं वाचली की नाही कुणास ठाऊक. पदरानं पुसली आणि म्हणाली, “दूध घ्या, गार हुतंय.”

गारच प्यायचं होतं. इतकी ती गडबडली होती.

पाच बोटं

घरी आलो. मग एका दुपारी जेवताना, म्हणजे मऊ भात गिळताना, तोंडात गरम काहीतरी आलं. थुंकलो तर रक्त. उजव्या बाजूनं. कौसल्यानं वाटी टाकली आणि तशीच बाजारात पळाली. शेठनी माल उतरवत असलेला टेम्पो तसाच थांबवून आम्हाला नगरला पाठवला. मी पुढच्या सीटवर फडकं तोंडाला लावून बसलो होतो आणि त्यातही विचार करत होतो, शेठ एवढे चांगले का वागतायत? मी मरणार म्हणून, की बबनचं पक्कं झालंय म्हणून?

मोठ्या डॉक्टरांनी मला खुर्चीत बसवलं, औषधात भिजवलेला बोळा घशात घातला आणि तो स्वतःच्या बोटानं दाबून धरला. खूप वेळ. त्यांच्या कपाळावरून घाम गळत होता आणि चष्मा घसरत होता, पण त्यांनी बोट काढलं नाही. मला ओकारीची उबळ येऊन माझे दात त्यांच्या बोटावर लागत होते. ते म्हणत होते, “चावा हवं तर. हलू नका.” भागीदारीतला माणूस असं करत नाही, असं मला प्रथमच वाटलं. रक्त थांबलं. विजेची खपली सुटली, धाकट्यांनी आधीच सांगितलं होतं, असं मी स्वतःला समजावलं. पाटीवरचा निकालही फिरवला: ‘जुनी बरी.’

मग ते कौसल्याला बाहेर घेऊन गेले. ती आत आली तेव्हा डोळे कोरडे होते, पण तोंड धुतलेलं होतं. मी पाटी घेतली नाही. पाटीवर काहीही सांगता येतं. मी शाल ओढली, तिचा हात आत घेतला आणि दुसऱ्या हातानं गळ्यावर बोट ठेवलं, मग ओठांवर. आवाज येणार का? पाचात किती?

ती थबकली. माझ्याकडे पाहिलं नाही. मग तिनं माझ्या तळव्यात आपली पाचही बोटं दिली आणि गच्च दाबली.

त्या दिवसांत मी डॉक्टरांवर, शेठवर, बबनवर, बर्फावरसुद्धा संशय घेत होतो. या एका गोष्टीवर घेतला नाही. रुमालाखालचा आकडा होता तो. मी झोपलो आणि कित्येक दिवसांनी नीट झोपलो.

थप्पीवर

बोलायची परवानगी मिळाली तेव्हा पहिला शब्द नाकातून आला. “पानी” म्हणालो तर कुणीतरी नाक धरून बोलल्यासारखं. मी घाबरून तोंडच मिटलं. कौसल्यानं मला हाताला धरून चुलीपुढे बसवलं, हातात फुंकणी दिली आणि म्हणाली, “फुका.” सकाळ-संध्याकाळ ती मला चूल फुंकायला लावायची. मला वाटलं, बसून खातोय म्हणून कामाला जुंपलंय. पण पाच बोटं मिळालेली होती, म्हणून फुंकत राहिलो. हळूहळू शब्द नाकातून उतरून तोंडात आले.

एका बाजाराच्या दिवशी मी दुकानी गेलो. दुष्काळामुळे माल जेमतेम, गुळाची एक लहान थप्पी. बबन वर चढायच्या बेतात होता. मला पाहून उतरला आणि हात देऊन मला वर घेतलं. त्याचा हात मी चाचपून पाहिला. साधा, मदतीचाच होता.

खाली ओळखीचे चेहरे वर बघत होते. मी पोटातून भाव ओरडला. आवाज थोडा बारीक झाला होता, पण स्वच्छ होता, आणि तो गेला. पार वेशीपर्यंत गेला. मागून एकजण ओरडला, “रंगनाथ, कंच्या बाजूनं पुकारतुयास, इजंच्या का कातरीच्या?” सगळे हसले. मी आकडा चढवला. गूळ नेहमीच्याच व्यापाऱ्यानं नेला आणि शेठनी माझ्या पाठीवर थाप मारली.

संध्याकाळी ओट्यावर बसलो होतो. कौसल्या हात पुसत आली, शेजारी बसली आणि पदर पुढे करून म्हणाली, “हात द्या.”

दिला.

“इचारा. इजंनं किती काढल्या?”

मी हसून विचारलं. पदराखाली तिनं माझ्या तळव्यात मूठ ठेवली. मी बोटं शोधली. एकही बोट तिनं दिलं नाही.

“म्हंजी?”

“म्हंजी येकबी न्हाई. डावी झाली आन् लाईट गेली. लई वाट बघितली, आली न्हाई. तुमाला गुंगी, तोंड उघडं. मंग थोरल्या डाक्टरनी दुसरीबी तशीच काढली, खिडकीच्या उजेडात.”

“आन् त्यो आवाज? यंत्राचा?”

“इस्टू. हत्यारं परत उकळायला रॉकेलचा इस्टू पेटवला हुता.”

मी ओट्यावरून उठलोच. चार, दोन, विजेची बरी, जुनी बरी, सगळी पाटी माझ्या डोळ्यांपुढून गेली. दोन्ही बाजू एकाच हातानं, एकाच फासानं काढलेल्या, आणि मी नगरच्या दवाखान्यात दोन्ही पद्धतींचा निकाल देत बसलो होतो. मी ओरडलो. सगळ्यांनी मिळून मला येडा केला, ठरल्याबाहेर हात लावला, आणि तूसुद्धा. शेजारची माणसं दारात आली. ती शांतपणे बसून होती.

“वरडा,” ती म्हणाली. “आता वरडलं तरी चालतंय. धाकटे डाक्टर तवाच सांगत हुते तुमाला. मीच म्हनलं, नगा सांगू. ह्ये वरडत्याल आन् टाका तुटंल.”

मी खाली बसलो. माझा राग असा मध्येच संपायचा, तिला ते माहीत होतं. मग माझ्या डोक्यात दुसरी गोष्ट आली. मी पुन्हा तिचा हात पदराखाली घेतला.

“रगात आलं त्या दिवशी थोरले डाक्टर तुला काय म्हनले हुते? आवाजाचं?”

ती उठायला लागली.

“खरं सांग.”

“म्हनले, मागच्या गळवानं आतलं मास चिकटून बसलं हुतं. आता जखम भरताना आखडलं तर आवाज नाकातच राहील. सांगता येत न्हाई म्हनले. फुकायला लावा, आन् बघू.”

“सांगता येत न्हाई म्हनले,” मी म्हणालो. “मंग रुमालाखाली पाच कुठनं दिलीस?”

तिनं आपला हात सोडवून घेतला, उलटा करून पाहिला, मग सुलटा. “माझ्या हाताला हुती तेवढी दिली,” ती म्हणाली आणि दिवा लावायला आत गेली.